ऐकीव वाट, पाहिलेला दुवा

वाट कोणाला विचारायची, हा प्रश्न प्रवासाइतकाच जुना आहे. पुण्याहून निघालेला ट्रक शिरूरला घोड नदी ओलांडून नगर जिल्ह्यात शिरतो, नारायणगव्हाण, वाडेगव्हाण मागे टाकतो आणि सुप्याला औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावर येतो. चालक नवखा असेल तर चहाच्या टपरीवर विचारतो. त्याच रस्त्याच्या कडेने, जमिनीखालून, केसासारख्या काचतंतूंमधून दुसरी एक वाहतूक अखंड चालू असते. कारखान्याची मागणी, बँकेचा व्यवहार, पोरांचा निकाल, सारे लहान लहान पाकिटांत विभागून धावते. तिथेही फाटे आहेत. प्रत्येक फाट्यावर राउटर नावाचे यंत्र बसवलेले असते. आलेल्या पाकिटावरचा पत्ता पाहायचा आणि ते कोणत्या दुव्यावर सोडायचे हे ठरवायचे, एवढेच त्याचे काम. पण कोणता दुवा कुठे नेतो, हे त्या यंत्राला कोण सांगते?

या प्रश्नाला गेल्या साठेक वर्षांत दोन मुख्य उत्तरे मिळाली. शेजाऱ्याने सांगितले ते खरे मानायचे, हे पहिले. दुसरे असे की, प्रत्येकाने फक्त स्वतः पाहिलेले सांगायचे, ते सर्वांपर्यंत जसेच्या तसे पोचवायचे, आणि निष्कर्ष ज्याचा त्याने काढायचा. या दुसऱ्या पद्धतीला ‘लिंक-स्टेट’ म्हणतात, म्हणजे दुव्यांची स्थिती सांगणारी पद्धत. संगणकशास्त्राच्या पुस्तकांत ती गणिताच्या अंगाने येते. मला मात्र ती साक्षीपुराव्याची शिस्त वाटते. इतिहासाची साधने हाताळणाऱ्याला ती लगेच ओळखीची वाटेल, आणि तिची मर्यादाही.

बखर आणि पत्र

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे त्यात आहेत. बखरींपेक्षा समकालीन अस्सल पत्राला अधिक वजन द्यावे, हा आग्रह मराठी इतिहासलेखनात तेव्हापासून पक्का झाला. कारण साधे आहे. बखरकार बहुधा घटनेनंतर पुष्कळ काळाने, दुसऱ्यांकडून ऐकलेले लिहितो. ते त्या दुसऱ्यांनी तिसऱ्याकडून ऐकलेले असते. पत्रावर लिहिणाऱ्याचे नाव, ठिकाण आणि तिथी असते. पत्रलेखकही चुकतो, पण चूक कोणाची आणि कधीची हे शोधता येते. ऐकीव माहितीत चूक शिरली की तिचा धनी सापडत नाही.

त्याच काळातली एक गोष्ट सर्वपरिचित आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सैन्य बुडाले. नानासाहेब पेशवे त्या वेळी माळव्यात भेलशाजवळ होते. पराभवाची वार्ता त्यांना सुमारे दहा दिवसांनी एका सावकारी पत्रातून कळली. उत्तरेशी असलेला दुवा तुटला होता आणि तुटल्याची खबर देणारी नेहमीची वाटही त्याच दुव्यावरून जात होती. वाट मोडल्याची बातमी मोडलेल्या वाटेने कशी यावी, हाच प्रश्न राउटरांपुढे रोज उभा असतो. फरक इतकाच की दहा दिवसांऐवजी तो काही सेकंदांत सोडवावा लागतो.

सोळापर्यंतची मोजणी

ऑक्टोबर १९६९ मध्ये अमेरिकेत आर्पानेट सुरू झाले. आजच्या इंटरनेटचे ते पूर्वज. त्यातल्या यंत्रांची सुरुवातीची रीत ऐकीव माहितीची होती. प्रत्येक यंत्र ‘अमुक ठिकाणी पोचायला मला इतका वेळ लागतो’ असा तक्ता करी आणि दर दोन तृतीयांश सेकंदाला तो शेजाऱ्यांना देई. शेजारी त्यात आपल्यापर्यंतचे अंतर मिळवून स्वतःचा तक्ता सुधारत. या कुळातल्या पद्धतींना ‘डिस्टन्स-व्हेक्टर’ म्हणतात. त्यांतली सर्वांत जास्त वापरली गेलेली ‘रिप’ ही पद्धत जून १९८८ मध्ये लेखी प्रमाणरूपात आली. तिच्यात तक्ते दर ३० सेकंदांनी दिले जातात.

या रीतीतला दोष आपल्याच गावांवरून समजून घेऊ. समजा, पारनेरला जायची एकच वाट सुप्यावरून आहे आणि सुप्याचा दुसरा शेजारी शिरूर आहे. सुपा म्हणते, ‘पारनेर माझ्यापासून १ टप्पा.’ ते ऐकून शिरूर म्हणते, ‘माझ्यापासून २.’ आता सुपा–पारनेर दुवा तुटला. सुपा वाट शोधू लागते, तेवढ्यात शिरूरचा तक्ता येतो: ‘पारनेर, २ टप्पे.’ शिरूरची वाट आपल्यावरूनच जाते हे सुप्याला ठाऊक नाही, कारण तक्त्यात अंतर असते, वाट नसते. सुपा लिहिते ३. ते ऐकून शिरूर लिहिते ४. मग सुपा ५. पारनेरची पाकिटे सुपा आणि शिरूर यांच्यात येरझाऱ्या घालत राहतात. शेवटी रिपमध्ये १६ या आकड्याचा अर्थ ‘पोचता येत नाही’ असा ठरवावा लागला, म्हणजे मोजणी कुठेतरी थांबेल. त्यामुळे या पद्धतीत पंधरा टप्प्यांपलीकडचे जगच नाही.

इथे कोणी खोटे बोललेले नाही. दोघेही प्रामाणिक आहेत. सुप्याचीच जुनी बातमी शिरूरहून फिरून सुप्याला आली आणि सुप्याने ती नवी समजून घेतली. बखरींतही असे घडते. एकाच मूळ अफवेच्या तीन नकला हाती लागतात आणि आपण त्यांना तीन स्वतंत्र साक्षीदार समजतो.

ॲमस्टरडॅमचा नकाशा

दुसऱ्या उत्तराला लागणारे गणित तोपर्यंत तयार होते. एड्सखर डाइक्स्ट्रा हा डच संशोधक ॲमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये काम करत होता. १९५६ मध्ये तिथल्या आर्माक संगणकाचे प्रात्यक्षिक सामान्य लोकांना दाखवायचे होते. त्यांना कळेल असा प्रश्न हवा, म्हणून त्याने नेदरलँड्समधल्या ६४ शहरांचा नकाशा घेतला आणि दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट शोधायची ठरवली. ती रीत त्याला बाजारहाट करून एका कॅफेत बसलेला असताना, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत सुचली, असे त्याने पुढे सांगितले आहे. १९५९ मध्ये ती छापली गेली. लेख अवघा तीन पानांचा.

रीत अशी: आपल्या गावापासून सुरुवात करायची. शेजाऱ्यांपैकी सर्वांत जवळचे गाव पक्के करायचे. मग पक्क्या झालेल्या गावांवरून पुढे जाऊन, न ठरलेल्यांपैकी सर्वांत जवळचे गाव पक्के करायचे. असे गावे संपेपर्यंत. एकदा पक्के झालेले अंतर पुन्हा बदलावे लागत नाही. अट एकच: सगळा नकाशा हाती हवा.

आर्पानेटमध्ये तो नकाशा प्रत्येक यंत्राच्या हाती देण्याचे काम मॅक्विलन, रिचर आणि रोझेन या तिघांनी केले. मे १९७९ पासून नवी पद्धत चालू झाली. आता कोणी अंतरांचे तक्ते देईना. प्रत्येक यंत्र फक्त स्वतःच्या दुव्यांवर किती उशीर होतो ते मोजी आणि तेवढ्याचाच दाखला काढी. हा दाखला शेजाऱ्यांनी वाचायचा, जपून ठेवायचा आणि एक अक्षरही न बदलता पुढे द्यायचा. पुराचे पाणी पसरावे तसा तो सगळीकडे पसरे. सगळ्यांचे दाखले जुळवले की प्रत्येकाकडे तोच नकाशा तयार होई आणि त्यावर डाइक्स्ट्राची रीत चालवून जो तो आपली वाट काढी.

तीन तारखांचा घोळ

अस्सल कागदाचीही परीक्षा करावी लागते, हे २७ ऑक्टोबर १९८० रोजी दिसले. त्या दिवशी सगळे आर्पानेट काही तास निकामी झाले. त्याची चिकित्सा एरिक रोझेन यांनी पुढच्या वर्षी लिहून ठेवली आणि ती आजही वाचण्यासारखी आहे.

नवा दाखला कोणता आणि जुना कोणता हे कळावे म्हणून प्रत्येकावर अनुक्रमांक असे. तो ० ते ६३ असा चाले आणि ६३ नंतर पुन्हा शून्यावर येई, घड्याळाच्या काट्यासारखा. दोन आकड्यांपैकी घड्याळाच्या दिशेने जो थोडा पुढे, तो नवा. एका यंत्राच्या स्मृतीतून काही बिट गळाले आणि एकाच दाखल्याच्या तीन प्रती फिरू लागल्या: क्रमांक ४४, ४० आणि ८. नियमाप्रमाणे ४० पेक्षा ४४ नवा, ८ पेक्षा ४० नवा, आणि चक्राने फिरून ४४ पेक्षा ८ नवा. म्हणजे प्रत्येक प्रत दुसरीला हटवून पुढे धावे आणि तिसरी येऊन तिला हटवी. सगळी यंत्रे हे तीन कागद एकमेकांना देण्यातच गुंतली. बाकी कामाला वेळच उरला नाही. बिघडलेले यंत्र बाजूला केले तरी कागद फिरतच होते, कारण ते आता सगळ्यांच्या दप्तरात होते. अखेर ते कागद ज्या यंत्राच्या नावाचे होते त्याचे दाखले वाचूच नका, अशी दुरुस्ती एकेका यंत्रावर चढवावी लागली.

या घटनेतून पुढच्या पिढीने दोन धडे घेतले. रेडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये त्यांची नेटकी मांडणी केली. क्रमांक वर्तुळात फिरू नयेत, सरळ वाढत जावेत. आणि दाखल्याला वय असावे. ठरलेल्या मुदतीत तो ज्याचा त्याने नव्याने काढला नाही तर तो आपोआप बाद व्हावा. मेलेल्या साक्षीदाराचा कागद कायमचा चालू नये.

मोजक्या ओळींची शिस्त

या धड्यांवर उभी असलेली आणि आज सर्वत्र वापरात असलेली पद्धत म्हणजे ‘ओएसपीएफ’. जॉन मॉय यांनी लिहिलेला तिचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९८९ मध्ये आला. आज वापरला जाणारा दस्तऐवज एप्रिल १९९८ चा आहे. नावातले पहिले अक्षर ‘ओपन’चे, कारण ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. तिची बहीण ‘आयएस-आयएस’ ही मोठ्या दूरसंचार कंपन्यांना अधिक आवडते. तत्त्व दोघींचे एकच.

राउटरवर ओएसपीएफ बसवायला आज्ञा मोजक्या लागतात. यंत्राला स्वतःचे नाव, म्हणजे एक न बदलणारा क्रमांक द्यायचा. कोणकोणत्या दुव्यांवर ही पद्धत चालवायची ते सांगायचे. प्रत्येक दुवा कोणत्या विभागात मोडतो ते लिहायचे. मग यंत्र त्या दुव्यांवर दर १० सेकंदांना ‘हॅलो’ पाठवू लागते. ४० सेकंद उत्तर आले नाही तर शेजारी गेला असे समजते. दोन्ही टोकांचे हे आकडे जुळले नाहीत, किंवा विभाग वेगळा लिहिला गेला, तर तार धडधाकट असूनही ओळख होत नाही. शिकाऊ पोरांचा निम्मा दिवस इथेच जातो.

ओळख पटली की दप्तरे जुळवली जातात. प्रत्येक दाखला ३० मिनिटांनी नव्याने काढला जातो आणि तासाभरात नवा झाला नाही तर बाद होतो. अनुक्रमांकांसाठी ३२ बिट आहेत, म्हणजे सुमारे ४२९ कोटी आकडे. दर ५ सेकंदांना एक आकडा खर्च केला तरी ते संपायला सुमारे ६८० वर्षे लागतील. शिवराज्याभिषेकाला २०२४ मध्ये ३५० वर्षे झाली, त्याच्या जवळजवळ दुप्पट. ६४ आकड्यांवर ओढवलेल्या घोळाला दिलेले हे उत्तर आहे.

जाळे मोठे झाले की त्याचे विभाग करतात आणि सर्व विभाग ‘विभाग शून्य’ या कण्याला जोडतात. या नियमाचे कारण फार थोडे शिकवले जाते. विभागाच्या आत प्रत्येकाकडे अस्सल दाखले असतात. विभागाबाहेरचा मात्र फक्त गोषवारा मिळतो, म्हणजे तिथे पुन्हा ऐकीव माहिती आली. ती गोल फिरून परत येऊ नये म्हणून सर्व गोषवारे एकाच कण्यावरून जायचे बंधन आहे. पद्धत स्वतःच्या दुबळ्या जागेवर पहारा ठेवते.

माणसाच्या निर्णयाची जागा उरते ती दुव्याच्या ‘खर्चा’त. सिस्कोच्या राउटरांत हा खर्च मुळात १०० मेगाबिट हे माप धरून काढला जातो. त्यामुळे १०० मेगाबिटची तार आणि तिच्या दहापट वेगाची तार, दोघींचा खर्च १ येतो. बैलगाडीची वाट आणि महामार्ग नकाशावर सारखेच. बसवणाऱ्याने माप बदलले नाही तर यंत्र अचूक हिशेब करून चुकीची वाट निवडते.

मुंबईची तार

आपल्याकडे ही विद्या आली ती मुंबईमार्गे. १९८६ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने, ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे हाती घेतले. आठ संस्था त्यात होत्या. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनसीएसटी, आणि पवईची आयआयटी त्यांपैकी दोन. एनसीएसटीचे प्रमुख श्रीनिवासन रमणी होते. टेलिफोनवरून ई-मेल पाठवण्याचे आरंभीचे प्रयोग या दोन संस्थांमध्येच झाले. परदेशाशी पहिला संपर्क एनसीएसटीने जोडला तो ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेशी. डाइक्स्ट्राने जिथे ६४ शहरांचा नकाशा मांडला, त्या मॅथेमॅटिकल सेंटरचेच हे १९८३ नंतरचे नाव.

१९८९ मध्ये मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत भाड्याची कायम तार मिळाली. वेग सेकंदाला ९,६०० बिट. हा लेख त्या तारेवरून धाडायला सुमारे अर्धे मिनिट लागले असते, आणि तेवढ्यावर देशातले संशोधक जगाशी बोलत होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी सेवा उघडली. दुवे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात तोवर वाटा हाताने लिहून ठेवता येतात. ते शेकड्यांनी वाढले की लिंक-स्टेट पद्धतीवाचून निभत नाही.

ही शिस्त चालते ती मात्र एकाच घरात, म्हणजे एका कंपनीच्या किंवा संस्थेच्या जाळ्यात. दोन कंपन्या एकमेकींना आपला नकाशा दाखवत नाहीत. त्यांच्यात ‘बीजीपी’ नावाची वेगळी पद्धत आहे आणि तिच्यात शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरते यूट्यूब रोखण्यासाठी ‘यूट्यूबची वाट आमच्याकडून’ अशी आज्ञा लिहिली. ती सीमेबाहेर झिरपली, पुढच्यांनी खरी मानली आणि जगभर यूट्यूब सुमारे दोन तास बंद पडले. घरात पत्र, घराबाहेर बखर, अशी आजच्या इंटरनेटची स्थिती आहे.

चर कोणाची?

आता पुन्हा सुप्याकडे. अचूक नकाशाचा उपयोग दुसरी वाट असेल तरच. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेत देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू न्यायचे ठरले. सुरुवातीची जोडणी बहुतांशी फांदीसारखी होती: तालुक्याहून निघून एकेका गावात संपणारी. रस्ता रुंद करताना जेसीबीचा एक घाव बसला की पुढची सगळी गावे अंधारात. राउटरला सेकंदांत कळते की दुवा गेला. पण कळून करणार काय? ४ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर झालेल्या, सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात फांदीऐवजी वर्तुळाकार जोडणी करायचे ठरले, ते याच कारणाने. वर्तुळ एका जागी तुटले तर उलट्या बाजूने जाता येते.

इथे मात्र लिंक-स्टेट पद्धतीची मर्यादा आड येते. समजा, एखाद्या कारखान्याने खबरदारी म्हणून दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या. त्याच्या राउटरच्या नकाशावर त्या दोन स्वतंत्र रेषा आहेत. पण दोन्ही केबली महामार्गाच्या एकाच कडेने, एकाच चरातून आल्या असतील, तर एका खोदकामात दोन्ही जातील. राउटर खोटे बोलला नाही. त्याने जे पाहिले तेच सांगितले. त्याला दुवा दिसतो, जमीन दिसत नाही. कोणती केबल कोणत्या चरात आहे, हे माणसानेच लिहून ठेवावे लागते. गावाभोवतीचे वर्तुळही दोन्ही बाजूंनी एकाच पुलावरून नेले असेल, तर ते कागदावरचे वर्तुळ.

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप आणले. खोदणाऱ्याने आधी कळवावे, जमिनीखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जावी, हा त्याचा हेतू. हेतू योग्य आहे, पण त्याची किंमत त्यात भरलेल्या माहितीइतकीच. आणि ती माहिती खरी तर गावातच असते. कोणत्या साली कोणत्या बाजूला चर खोदली, जुनी केबल कोणत्या बांधाजवळून वळवली, पाण्याची लाइन टाकताना काय लागले, हे चर खोदणाऱ्या मजुराला, शेजारच्या शेतकऱ्याला, ग्रामपंचायतीच्या शिपायाला ठाऊक असते. ते कोणत्याही राउटरच्या दाखल्यात येत नाही. ही माणसे गेली की ते ऐकीव होते, आणि मग नाहीसे होते.

म्हणून एक साधी सूचना करतो. ग्रामपंचायतीकडे जन्म-मृत्यूची नोंद असते, घरांचा नमुना आठ असतो. तशीच गावाच्या हद्दीतल्या चरांचीही एक वही असावी: कोणी खोदली, केव्हा, कोणत्या कडेने, किती खोल, सोबत कोणाच्या केबली. नोंद करणाऱ्याची सही आणि तारीख असावी. वर्षातून एकदा कोणीतरी ती पाहून खरी आहे का ते तपासावे, आणि तपासली नसेल तर तसा शेरा पडावा. लिंक-स्टेट पद्धतीचे सगळे नियम यात आले: पाहिलेलेच लिहा, नाव घाला, तारीख घाला, दुसऱ्याचे लिहिलेले बदलू नका, जुने झाले की पुन्हा पाहा. राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळली ती आधीच्या लोकांनी पत्रांवर नाव आणि तिथी घालून ठेवली होती म्हणून. आपल्या काळातल्या वाटा तर जमिनीखालून जातात. त्यांची वही आज घातली नाही, तर उद्याच्या शोधणाऱ्याला जेसीबीच्या दात्यांवरच विसंबावे लागेल.